लाइन लीडर कसे घडवावेत? (मध्यम आकाराचे ऑटो पार्ट्स कारखाने)

भोसरीकर (धागाकर्ता)

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव अशा पट्ट्यांतले दीडशे ते चारशे माणसांचे कारखाने डोळ्यासमोर ठेवून हा धागा काढतोय. मशीनिंग, प्रेस, असेंब्ली, थोडंफार वेल्डिंग.

वीस वर्षांपूर्वीच्या सुपरवायझरला लाइनवरचं बहुतेक सगळं काम स्वतःला येत असे. मशीन अडलं की तोच हात घालायचा, म्हणून त्याचा शब्द चालायचा. आता एकाच लाइनवर जुने कायम ऑपरेटर, ठेकेदाराची माणसं, आयटीआयचे ॲप्रेंटिस आणि डिप्लोमाचे ट्रेनी असतात. शेजारी रोबो. लॉट लहान झाल्यामुळे सेटिंग दिवसातून तीन-चारदा बदलतं. रोबोचा प्रोग्रॅम ट्रेनीला कळतो, फिक्श्चरची (नग पकडून ठेवणाऱ्या जोडणीची) खोड जुन्या ऑपरेटरला ठाऊक असते, गेजमधला (माप तपासायच्या साधनातला) फरक क्वालिटीवाल्याला. एका डोक्यात हे सगळं मावत नाही. या सगळ्यांकडची माहिती वेळेवर एका जागी आणून त्यांच्यासोबत निर्णय घेणारा माणूस लाइनवर लागतो.

तो हॉटेलातल्या दोन दिवसांच्या 'लीडरशिप' शिबिरात तयार होत नाही, हे माझं ठाम मत. शिबिर संपवून माणूस सोमवारी लाइनवर येतो तेव्हा त्याच्या हातात एकही नवा निर्णय नसतो. मग तो जे बघत मोठा झाला तेच करतो: ओरडतो, किंवा साहेबांना फोन लावतो. रोजच्या कामातला खरा निर्णय ठरलेल्या मर्यादेत त्याच्याकडे सोपवला आणि नंतर काढून घेतला नाही, तरच तो शिकतो.

जाणकारांनी तीन गोष्टींवर नेमकं लिहावं. माणूस निवडायचा कसा? त्याला रोज कोणत्या कामातून शिकवायचं? आणि हे बहुतेक ठिकाणी कुठे फसतं?

---

सेटर_दादा

निवडीबद्दल लिहितो.

सर्वांत जास्त नग काढणाऱ्या ऑपरेटरला लीडर करायची पद्धत आहे. त्यात दोन्हीकडून नुकसान होतं: चांगला ऑपरेटर मशीनवरून जातो, आणि तो दुसऱ्याचं काम हळू चाललेलं बघू शकत नसल्यामुळे दर वेळी स्वतःच हात घालतो. त्यापेक्षा तीन गोष्टी बघा. अडचण आली की आजूबाजूचे कोणाकडे जातात? दोन आठवडे नुसतं उभं राहून बघितलं तरी कळतं. नवीन पोराला कोणाच्या शेजारी उभं केलं की तो लवकर शिकतो? आणि पाळी सोडताना कोण पुढच्याला नीट सांगून जातो? तिन्हींत एकच नाव येत असेल तर तो तुमचा माणूस. त्याचे नग थोडे कमी असले तरी चालेल.

लगेच पद देऊ नका. लीडर रजेवर जातो तेव्हा बदली म्हणून सहा आठवड्यांत दहा-बारा पाळ्या तरी करू द्या. नको वाटलं तर मान खाली न घालता परत मशीनवर येता आलं पाहिजे, ही सोय आधीच सांगून ठेवा. पद मिळाल्यावर ते काढून घेतलं की माणूस नोकरीच सोडतो.

संख्येचा मुद्दा याहून मोठा आहे. टोयोटाच्या पद्धतीत एका टीम लीडरमागे साधारण चार-पाच माणसं असतात. आपल्याकडे एका सुपरवायझरमागे अठरा ते पंचवीस. पंचवीस जणांना विचारून काम करणं शक्यच नाही, मग तो कितीही समजूतदार असो. सहा ते आठ जणांमागे एक लीडर, आणि तो कायमचा मशीनला जखडलेला नको. त्याच्या नावावर मशीन टाकलं की कोणी हाक मारल्यावर जाणार कोण? पाळीतला निदान निम्मा वेळ तो मोकळा हवा. एवढी माणसं परवडत नसतील तर दोनच लाइनवर सुरू करा, पण अर्धवट नको.

---

कुंदा_क्वालिटी

भोसरीकर, "ठरलेल्या मर्यादेत निर्णय" हे शब्द कागदावर उतरवले नाहीत तर काही उपयोग नाही. लीडरला "तुम्ही ठरवा" म्हणायचं आणि चुकलं की "कोणाला विचारलंत?" म्हणायचं, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो काही ठरवत नाही.

एक पान करा, तीन रकाने.

पहिला रकाना, स्वतः ठरवायचं: पाळीत माणसांची स्टेशनं बदलणं (कौशल्य मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणाला कोणतं काम येतं त्या तक्त्यात, त्या कामाला पास असलेल्यांचीच), ठरलेल्या नगांआधी इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलणं, शंका आली तर दहा मिनिटांपर्यंत लाइन थांबवणं, संशयित माल लाल ट्रेमध्ये बाजूला काढणं, जेवणाच्या आणि चहाच्या पाळ्या लावणं.

दुसरा, विचारून ठरवायचं: लॉटचा क्रम बदलणं, दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबा, ओव्हरटाइम, मेंटेनन्सला चालू मशीन देणं.

तिसरा, ठरवायचंच नाही, लगेच कळवायचं: ड्रॉइंगच्या मापाबाहेरचा माल पुढे सोडणं, ठरलेल्या पद्धतीबाहेर रीवर्क, सेफ्टी इंटरलॉक (धोका असताना मशीन चालू न देणारी सोय) काढणं, ग्राहकाकडे पोचलेल्या मालातली चूक.

तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "मिळून ठरवा" याचा अर्थ चौघांनी मिळून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाढवली असा कधीही होता कामा नये. फर्स्ट पीस (लॉटचा पहिला नग) पास झाल्याशिवाय लॉट सुरू नाही, हे बहुमताने बदलत नाही.

हे कुठे फसतं? महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत. डिस्पॅचचा ताण येतो, लीडरने लाइन थांबवलेली असते, आणि प्लँट हेडचा फोन येतो, "चालू करा, मी बघतो." त्या एका फोनने तीन महिन्यांचं काम धुऊन जातं, कारण ती बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोचते. यावर एकच उपाय टिकलेला दिसतो. वरच्याने लीडरचा निर्णय फिरवला तर त्याने स्वतः लाइनवर यावं, रजिस्टरमध्ये कारण लिहून सही करावी, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर सांगावं. फिरवायला मनाई नको, पण लपूनछपून नको.

---

तिसरी_पाळी

रोजच्या सवयीत सगळ्यांत वरचा नंबर पाळीच्या सुरुवातीच्या बैठकीचा. दहा मिनिटं, लाइनशेजारी, बोर्डासमोर, उभ्याने. अशी चालते:

१ मिनिट: सेफ्टी. एकच गोष्ट, आजच्या कामाशी संबंधित. "कन्व्हेयरजवळ तेल सांडलंय, पुसेपर्यंत डावीकडून या."
२ मिनिटं: मागच्या पाळीत काय झालं.
२ मिनिटं: आजचा प्लॅन, कोण कुठे, कोण गैरहजर.
४ मिनिटं: एकच अडचण, सविस्तर.
१ मिनिट: कोण काय करणार, कधीपर्यंत. बोर्डावर नाव आणि तारीख लिहून.

बहुतेक ठिकाणी या दहा मिनिटांत लीडर कागद वाचतो आणि बाकीचे बूट बघत उभे असतात. प्रश्न कसा विचारला त्यावर सगळं अवलंबून आहे. "काही अडचण आहे का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "नाही." त्याऐवजी नाव घेऊन, वस्तूवर बोट ठेवून विचारा.

"सुरेशदादा, तीस नंबरच्या मशीनला काल इन्सर्ट किती नगांवर गेला?"
"एकशे ऐंशी."
"ठरलेले अडीचशे. का गेला असेल?"
(इथे गप्प राहायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. लीडरला हेच सर्वांत अवघड जातं, तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो.)
"कास्टिंग कडक येतंय. नवीन हीट (ओतकामाची खेप) चालू झालीय."
"मग आज किती धरूया?"
"दीडशे धरा."
"बरं, आज दीडशे. कुंदाताईंना हीट नंबर मी कळवतो."

दीड मिनिटात माहिती आली, निर्णय झाला आणि निर्णय ऑपरेटरचा राहिला. संध्याकाळी तो दीडशेव्या नगाला स्वतः इन्सर्ट बदलतो, कारण आकडा त्याने दिलेला असतो.

आणखी एक: नवख्याला आधी बोलू द्या, जुन्याला शेवटी. उलट झालं तर जुना जे बोलेल त्यालाच सगळे मान डोलावतात.

---

हिशेबी

तिसरी पाळी, पटतंय, पण हिशेब मांडतो. वीस माणसं गुणिले दहा मिनिटं म्हणजे पाळीला २०० मिनिटं. तीन पाळ्यांचे ६००, म्हणजे रोजचे दहा मनुष्यतास. मालकाला हे कसं पटवायचं?

---

तिसरी_पाळी

रास्त प्रश्न आहे. खर्च आहेच, तो नाही असं सांगू नका.

सुरू करण्याआधी दोन आठवडे प्रत्येक पाळीच्या पहिल्या तासाचे नग वेगळे लिहून काढा. बहुतेक लाइनवर पहिला तास बाकीच्या तासांपेक्षा बराच पडलेला असतो: कच्चा माल शोधणं, गेज कुठंय, मागच्या पाळीने ऑफसेट (टूलच्या जागेची मशीनमधली दुरुस्ती) काय ठेवलाय, कोण आलंच नाही. बैठक चालू झाल्यावर सहा आठवड्यांनी तोच आकडा परत काढा. पडझड भरून निघाली नाही तर तुमची बैठक नीट चालत नाही, असं खुशाल समजा.

दुसरं, सगळी मशीनं बंद ठेवायची गरज नसते. लांब सायकलची सीएनसी लोड करून बैठकीला उभं राहता येतं. प्रेस आणि हाताची असेंब्ली असेल तर थांबावंच लागतं.

---

खाणकाम

पाळ्यांचा विषय निघालाय म्हणून एक जुना संदर्भ. १९५१ साली एरिक ट्रिस्ट आणि केनेथ बॅमफर्थ या संशोधकांनी इंग्लंडमधल्या कोळसा खाणींवर अभ्यास प्रसिद्ध केला. आधी दोन-तीन माणसांचे गट खाणीच्या एका तुकड्यावर कापण्यापासून भरण्यापर्यंत सगळं काम स्वतः करायचे. नवीन यंत्रं आल्यावर 'लाँगवॉल' पद्धत आली आणि काम तीन पाळ्यांत तोडलं गेलं: एक पाळी कोळसा कापणार, दुसरी कन्व्हेयर पुढे सरकवणार, तिसरी कोळसा भरणार. यंत्र चांगलं असूनही काम अपेक्षेइतकं होईना. आधीच्या पाळीने अर्धवट सोडलेलं भरणाऱ्यांच्या अंगावर यायचं, प्रत्येक पाळी दुसरीला दोष द्यायची, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी खाली कोणाकडेच नव्हती.

रोबो सेल बसवताना आपण हेच करतो. लोडिंग एकाकडे, प्रोग्रॅम दुसऱ्याकडे, तपासणी तिसऱ्याकडे, आणि सेल नीट चालतोय की नाही हे कोणाचंच काम नसतं. रोबो यायच्या आधी त्या सेलचा गट ठरवा. इन्स्टॉलेशनच्या दिवसांत त्या गटातली माणसं बसवणाऱ्यांच्या शेजारी उभी असली पाहिजेत. नंतर ट्रेनिंग देऊन ती समज येत नाही.

---

सेटर_दादा

अगदी. पाळी बदलताना काय होतं ते बघितलं की कारखान्यात लीडर आहेत की नाहीत ते कळतं. हँडओव्हर केबिनमध्ये नको, मशीनपाशी हवा. जाणारा आणि येणारा लीडर दोघं मिळून लाइनच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं. पाच-सात मिनिटं लागतात. कागदावर सहाच गोष्टी:

काय चालू आहे आणि लॉटचे किती नग उरलेत. कोणत्या मशीनचा ऑफसेट किंवा सेटिंग बदललं, किती आणि का. कोणतं टूल किती नग चाललंय. लाल ट्रेमध्ये काय आहे आणि त्याचा निर्णय कोणाकडे आहे. मेंटेनन्सने काय तात्पुरतं करून ठेवलंय. आणि शेवटची, जी कोणी लिहीत नाही: कशाबद्दल शंका आहे.

नुसतं "मशीन ओके" लिहिलेला कागद फाडून टाका. असं लिहिलं पाहिजे: "४० नंबर, बोअर (भोकाचं माप) वरच्या मर्यादेकडे सरकतोय, शेवटच्या पाच नगांत चार मायक्रॉन. ऑफसेट बदललेला नाही, कारण गेजवर शंका. आधी मास्टर (गेज तपासायचा प्रमाण नग) लावून बघा." एवढं वाचून येणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते जाणतो, आणि जाणाऱ्याने आपली शंका लपवली नाही हेही त्याला दिसतं. दोन लीडरमधला विश्वास असाच बनतो.

---

वाळूज_एचआर

कौशल्य मॅट्रिक्सचं कोणीतरी लिहाच. ऑडिटच्या आदल्या रात्री एचआरमध्ये बसून गोल भरले जातात, हे सगळ्यांना माहीत आहे.

---

कुंदा_क्वालिटी

मीच लिहिते. चार भागांचा गोल सगळीकडे आहे, पण भागाचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा. असा ठरवा: एक भाग म्हणजे सेफ्टी आणि कामाची माहिती दिली. दोन म्हणजे शेजारी कोणी असताना करतो. तीन म्हणजे एकटा, ठरलेल्या वेळेत, चूक न करता. चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. दोनवरून तीनवर न्यायचं तर लीडरने त्याचे सलग ठरावीक नग स्वतः बघायचे, क्वालिटीने तपासायचे आणि दोघांची सही. माणसासमोर भरायचं, त्याच्या पाठीमागे नाही.

प्रत्येक पाळीत प्रत्येक स्टेशनला 'तीन'वाली निदान दोन माणसं हवीत. जिथे एकच आहे तिथे लाल खूण करा. मग पुढच्या महिन्यात कोणी काय शिकायचं हा निर्णय गटाने घ्यायचा, लीडरने एकट्याने नाही. याला विरोध होतो आणि तो जुन्या माणसाकडून होतो, कारण आपलं काम दुसऱ्याला आलं की आपली किंमत गेली असं त्याला वाटतं. त्याच्यासाठी 'चार'चा दर्जा खरा मोलाचा करा: शिकवायला वेळ द्या, त्या वेळेचे नग त्याच्या टार्गेटमधून वजा करा, भत्ता देता आला तर द्या. फुकटात कोणी आपली विद्या देत नाही आणि द्यावी अशी अपेक्षाही करू नये.

---

जॉब_इन्स्ट्रक्शन

कुंदाताईंनी शिकवण्याचा मुद्दा काढलाच आहे तर त्याची जुनी आणि अजूनही उत्तम पद्धत सांगतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५, अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. नवख्या माणसांना झपाट्याने शिकवून कारखाने चालवायचे होते. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि तिथे मुरला. रचना साधी: दहा जणांची तुकडी, दोन तासांची पाच सत्रं, आणि प्रत्येकाने आपल्या लाइनवरचं खरं काम आणून तिथे शिकवून दाखवायचं. भाषण जवळपास नाहीच.

चार पायऱ्या: शिकणाऱ्याला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर जाऊन बघत राहा. त्यांचं एक वाक्य प्रत्येक लीडरच्या टेबलावर हवं: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही.

आधी काम फोडून कागदावर घ्यायचं. ऑइल सील (तेल गळू नये म्हणून बसवायची गोल चकती) बसवण्याचं उदाहरण:

पायरी १, सील उचलून बघा. कळीचा मुद्दा: ओठाला (सीलच्या आतल्या नाजूक कडेला) बोट लावू नका, बाहेरच्या कडेने धरा. कारण: नखाचा ओरखडाही गळतीला पुरतो.
पायरी २, ओठाला ग्रीस लावा. कळीचा मुद्दा: पातळ थर, पूर्ण गोल. कारण: कोरडा ओठ पहिल्या फेऱ्यांतच जळतो.
पायरी ३, फिक्श्चरमध्ये ठेवा. कळीचा मुद्दा: स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. कारण: उलटा बसला तर चाचणीत कदाचित पास होईल, गाडीत गळेल.
पायरी ४, प्रेस करा. कळीचा मुद्दा: टेकेपर्यंत एकाच दाबात, मध्ये थांबू नका. कारण: थांबून दाबला की तिरका बसतो.

'कारण'चा रकाना सोडून देतात, तिथेच घोटाळा. कारण माहीत नसलेला माणूस घाईत तीच पायरी गाळतो. हा कागद लीडरने जुन्या ऑपरेटरसोबत बसून केला की दोन कामं होतात: माहिती बाहेर येते, आणि जुना ऑपरेटर शिक्षक होतो. तिन्ही पाळ्यांतल्या जुन्यांना एकत्र बसवलं तर एकाच कामाच्या तीन पद्धती निघतात. त्यातली एक ठरवण्याची चर्चा चालवणं हीच लीडरची खरी परीक्षा.

---

भोसरीकर (धागाकर्ता)

हे सोन्यासारखं आहे, आभार. पुढचा प्रश्न: क्वालिटी सर्कलचं काय? मिळून काम करायची सवय लावायला तेच आणलं होतं ना?

---

जॉब_इन्स्ट्रक्शन

हो. जपानमध्ये १९६२ साली, गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावांच्या पुढाकाराने. भारतात १९८० साली भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) हैदराबादमधल्या कारखान्यात सुरुवात झाली, १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम निघाला. मूळ कल्पना: एकाच ठिकाणी काम करणारे सहा-दहा जण, आपखुशीने, आठवड्यातून तासभर, आपल्याच कामातली अडचण निवडून सोडवणार.

बऱ्याच कारखान्यांत ते स्पर्धेसाठी उरलंय. वर्षातून एक केस स्टडी, इंजिनीअर स्लाइड करून देतो, ऑपरेटर पाठ करून म्हणतो. पुन्हा उभं करायचं असेल तर दोन नियम: विषय गटाने निवडायचा, साहेबांनी नाही, आणि डेटा स्वतःच्या हाताने, पेनाने, लाइनवर गोळा करायचा. स्लाइड सर्वांत शेवटी, हवी असली तर.

---

ठेका_कायदा

इथे एक इशारा. ठेकेदाराच्या माणसांना मॅट्रिक्समध्ये आणि बैठकीत घ्यायचं म्हटलं की एचआर घाबरतं, आणि ती भीती निराधार नाही. ठेका नुसता कागदावरचा आहे का हे ठरवताना कामावर देखरेख आणि नियंत्रण कोणाचं, हा न्यायालयं बघत असलेल्या प्रमुख मुद्द्यांपैकी एक आहे. त्यामुळे ठेकेदाराच्या माणसाची रजा, हजेरी, पगार, शिस्त यांत कंपनीच्या लीडरने पडू नये. ते ठेकेदाराच्या सुपरवायझरचं काम, आणि तो सुपरवायझर खरोखर जागेवर असला पाहिजे. सेफ्टी आणि कामाची पद्धत सांगायला मात्र मागे हटू नका, आणि रचना ठरवण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा कागद दाखवा. मुख्य उत्पादनाच्या स्टेशनवर कायम गरज असेल तर तिथे माणसं कायमच घ्यावीत, असं माझं मत आहे. दर आठ महिन्यांनी बदलणाऱ्या माणसांचा गट बनत नाही.

दुसरं, पगार, बोनस, बदली, शिक्षा या तक्रारी सकाळच्या बैठकीत आणू नका. त्यांच्यासाठी कायद्यात वेगळी जागा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला तक्रार निवारण समिती सांगितली आहे: दोन्ही बाजूंचे समान सदस्य, एकूण दहापर्यंत, आणि स्त्रियांचं त्यांच्या संख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व. शंभर किंवा अधिक असतील तर सरकारच्या आदेशाने कार्य समिती. लीडरला या तक्रारींचा निर्णय द्यायला लावला की तो दोन्हीकडून भरडला जातो.

---

युनियन_सचिव

वरच्यात भर. युनियनला न विचारता लीडर नेमले की ते "मॅनेजमेंटचे माणूस" ठरतात आणि गट त्यांच्याशी बोलणं बंद करतो. कामाची व्याख्या, भत्ता, निवडीची पद्धत करारात घाला. लीडरने शिस्तीची नोटीस द्यायची नाही, हे स्पष्ट लिहा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्स आणि टोयोटाचा एकत्र कारखाना १९८४ ते २०१० चालला. तिथले टीम लीडर युनियनचेच सदस्य होते. दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार साध्या कामगाराला होता, आणि दोरी ओढली की लीडर धावत मदतीला यायचा. मदतीला येणारा आणि शिक्षा करणारा हे एकच माणूस असेल तर दोरी कोणी ओढणार नाही.

---

हार्नेस_लाइन

वायरिंग हार्नेस आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर चाळीसपैकी पस्तीस बायका आणि लीडर पुरुष, हे सर्रास दिसतं. कारण विचारलं तर "त्या जबाबदारी घेत नाहीत." खरं कारण बहुतेक वेळा वेळापत्रकात असतं. लीडरची बैठक पाळी संपल्यावर अर्धा तास, आणि बस पाळी संपल्यावर दहा मिनिटांनी सुटते. बैठक पाळीच्या आत घ्या, नावं आपोआप पुढे येतील. दुसरी गोष्ट म्हणजे बदली माणूस: बाथरूमला जायला लीडरची परवानगी लागणारी लाइन आणि मोकळेपणाने बोलणारा गट एकत्र नांदत नाहीत. दर दहा स्टेशनमागे एक फिरता ऑपरेटर ठेवा, तो बदली करेल. आणि "ए" म्हणून हाक मारणं बंद. ताई, काकू, नाव, जे तिला चालेल ते.

---

तिसरी_पाळी

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल दोन ओळी. रिजेक्शनचा फोटो, त्याखाली ऑपरेटरचं नाव, रात्री अकरा वाजता, साठ जणांच्या ग्रुपवर, ज्यात प्लँट हेडही आहेत. दुसऱ्या दिवसापासून संशयित माल लाल ट्रेमध्ये येणं थांबतं. फोटो नगाचा, माणसाचा नाही. ग्रुप त्या पाळीचा आणि त्यांच्या मदतनीसांचा. निर्णय ग्रुपवर होत नाही, बोर्डावर होतो.

---

हिशेबी

मोजायचं काय? मालक सहा महिन्यांनी विचारणारच.

---

कुंदा_क्वालिटी

'नेतृत्व गुणांक' वगैरे नको. चार आकडे पुरतात. ऑपरेटरने स्वतः मांडलेल्या अडचणी किती, आणि त्यातल्या सात दिवसांत बंद झालेल्या किती. लीडरचे निर्णय वरून किती वेळा फिरवले. मॅट्रिक्समध्ये दोनवरून तीनवर किती जण गेले. आणि लीडर रजेवर असताना त्या लाइनचे नग आणि रिजेक्शन. हा शेवटचा आकडा मला सर्वांत प्रिय आहे. तो नसताना लाइन कोसळत असेल तर त्याने गट बनवलेला नाही.

एक सांगून ठेवा मालकांना. पहिले दोन-तीन महिने नोंदलेल्या चुका वाढतील. अमेरिकेत संशोधक एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलच्या गटांवर केलेल्या अभ्यासात असंच दिसलं होतं: जे गट चांगले मानले जात होते तिथेच चुकांची नोंद जास्त, कारण तिथली माणसं चूक लपवत नव्हती. त्या वाढलेल्या आकड्यावर कोणाला झापलं तर आकडा लगेच खाली येईल आणि माल ग्राहकाकडे जाईल.

---

भोसरीकर (धागाकर्ता)

शेवटचा एक अडलेला प्रश्न. मशीनिंगचा लीडर आणि असेंब्लीचा लीडर, दोघं आपापल्या जागी चांगले, पण एकमेकांशी पटत नाही. एक म्हणतो माल दिला, दुसरा म्हणतो खराब दिला.

---

सेटर_दादा

स्वभाव सोडा, आधी त्यांचे टार्गेट बघा. मशीनिंगला "पाळीला इतके नग" आणि असेंब्लीला "इतके रिजेक्शन" असं वेगवेगळं मोजत असाल तर भांडण तुम्हीच लावलंय. दोघांच्या बोर्डावर एकच आकडा ठेवा: असेंब्लीत पहिल्याच वेळेला बसलेले नग. मग आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, दोघांनी परत आलेला माल एका टेबलावर मांडून हातात घेऊन बघायचा. ईमेल नाही, फोटो नाही. आणि महिन्यातून एक पाळी लीडरांची अदलाबदल. मशीनिंगवाल्याने एकदा स्वतः बर (कडेला राहिलेली धातूची धार) असलेल्या नगात सील बसवून बघितला की डीबरिंगबद्दल त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

---

वाळूज_एचआर

हँडओव्हरचा कागद पुढच्या महिन्यापासून सुरू करायचा ठरवतोय. अडचण तीच, बसची. दुसरी पाळी सुटली की दहा मिनिटांत बस, लाइनवर फेरी मारायला लीडर थांबेल कसा?

---

सेटर_दादा

दोन मार्ग. लीडरना पंधरा मिनिटं आधी बोलवा आणि पंधरा मिनिटं उशिरा सोडा, त्या वेळेचा ओव्हरटाइम नियमाप्रमाणे द्या, आणि त्या सगळ्यांसाठी एक वेगळी छोटी गाडी ठेवा. किंवा सगळ्यांचीच बस वीस मिनिटांनी सोडा, पण मग रात्रीच्या पाळीतल्या बायकांच्या घरच्या वेळा आधी विचारून घ्या. काहीही करा, फुकट थांबवू नका. पहिल्या आठवड्यात माणूस थांबतो, दुसऱ्या आठवड्यात कागद केबिनमध्ये बसून भरला जातो. गाडीवाल्याशी बोलणं आधी उरका, कागद त्यानंतर छापा.